चौथं लागलेलं शिंगरू

"चार!"

"दोन."

"अगं, चार म्हणतोय ना मी! बोटं मोजून दाखवू?"

"बोटं तुमची हायती, आबासाहेब. तुमी म्हणाल तितकी भरतील. दात त्येचे हायती, त्येला इचारा."

"त्याला काय विचारायचं? तो घोडा आहे!"

"घोडा न्हाय, शिंगरू हाय. तितंच तर गाडं आडलंय."

रेल्वे लाइनीतल्या बंगल्याच्या अंगणात हे भांडण सकाळपासून रंगलं होतं. एकोणीसशे एकोणतीसची दिवाळी नुकतीच सरली होती, आकाशकंदील अजून उतरवायचा होता. एका बाजूला आबासाहेब निंबर्गीकर वकील: वर कोट, खाली धोतर, हातात इंग्रजी वर्तमानपत्राची घडी. दुसऱ्या बाजूला अंबुबाई: पन्नाशीची, काळी, काटक, काष्टा घट्ट खोचलेला, खांद्यावर दोरीचं वेटोळं. आणि ज्याच्या वयावरून एवढी रणधुमाळी माजली होती तो दोघांच्या मधे. तांबूस रंग, अंगापेक्षा पायच लांब. आबासाहेबांच्या शेवंतीचा ताटवा तो शांतपणे खात उभा होता.

"हे बघ." आबासाहेबांनी कोर्टातला आवाज काढला. "इंग्रजी शर्यतीचा कायदा असा, की सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एक जानेवारी. मग तो जन्मू दे केव्हाही. हा जन्मला सत्तावीसच्या दिवाळीत, आमच्या करमाळ्याच्या मळ्यावर. एक जानेवारी अठ्ठावीसला झाला एक वर्षाचा."

"दोन म्हयन्याचा असताना?"

"कायद्यानं."

"आईला पीत हुता की ओ तवा!"

"कायद्यानं, म्हणतोय ना! एकोणतीसला दोन. येत्या जानेवारीला तीन. तीन पुरी झाली म्हणजे काय झालं?"

"काय झालं?"

"चौथं लागलं! आणि चौथं लागलं म्हणजे आपण काय म्हणतो? चार वर्षांचा म्हणतो. तुझ्या नातवाला चौथं लागलं तर तू तीन सांगतेस का?"

"मला नातू न्हाय."

"असता तर!"

"असता तर त्येच्या पाठीवर मी गडीमाणूस बसीवला नसता."

इंग्रजांचा वाढदिवस आणि आपलं 'लागलं' यांची अशी गाठ बांधून देणारा वकील सोलापुरात तरी दुसरा झाला नसेल. दोन वर्षांचं शिंगरू बसल्या जागी चार वर्षांचं झालं होतं. आणि ते व्हायलाच हवं होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. यात्रेत होटगीच्या वाटेवरच्या माळावर घोड्यांची शर्यत. शर्यतीला चांदीचा कप, आणि कप कलेक्टरसाहेबांच्या हस्ते. आबासाहेबांना कपाचं काही नव्हतं. त्यांना ते हस्त हवे होते. साहेबाच्या हातून एकदा काहीतरी घेतलं की पुढं कधीतरी 'रावसाहेब' ही पदवीही त्याच हातून घेता येईल, असा त्यांचा साधा हिशेब होता. नियम मात्र आडवा येत होता: चार वर्षांच्या आतला घोडा शर्यतीत घ्यायचा नाही.

तसं वय ही चीज गावाला नवी नव्हती. शाळेत घालताना ते वर सरकायचं, नोकरीच्या अर्जात खाली घसरायचं, लग्नाच्या बोलण्यांत तर एकाच जागी तीन-तीन वर्षं बसून राहायचं. घोड्याचं वय वर सरकवलं यात आबासाहेबांना गैर असं काही दिसेना. ज्या बाईला ते पटवून देत होते तिला मात्र तोंड उघडून बघायची सवय होती.

अंबुबाई शुक्रवार पेठेत राहायची. नवरा येडू, जातिवंत चाबूकस्वार. नवीन शिंगरं माणसाळवून स्वारीला तयार करायची, हा त्याचा धंदा. एका इनामदाराची घाई होती म्हणून त्यानं एक कच्चं शिंगरू भरधाव सोडलं. शिंगराचा पाय मोडला, त्याच्याखाली येडूचं कंबरडं मोडलं. शिंगराला गोळी मिळाली. येडूला ओटा मिळाला. पुढची दहा वर्षं तो ओट्यावर बसून ओरडायचा आणि अंबुबाई शिंगरं चालवायची.

"अगं, दोरी ढिली सोड! घोडा हाय, चोर न्हाय!"

"सोडली की ओ!"

"तू म्होरं नगं चालू, त्येच्या खांद्याशी चाल! वरातीला निघालीस व्हय?"

शुक्रवार पेठेला रोज सकाळी हा फुकटचा खेळ. येडू इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला. ओटा गप्प झाला, पण तोवर बाईला सगळं पाठ झालं होतं, ओरडण्यासकट.

तिच्या त्या कामाला गावानं नाव ठेवलं होतं 'अंबुबाईची बिगारी'. पोरं शाळेत गेली की पहिलीच्या आधी बिगारीत बसतात, तशी शिंगरं शर्यतीच्या किंवा टांग्याच्या आधी अंबुबाईकडं. या बिगारीत खोगीर नाही, लगाम नाही, स्वार नाही. नुसतं चालणं. उजाडता उजाडता ती शिंगराला घेऊन एकरूखच्या तलावाकडच्या मऊ वाटेला लागायची. पहिल्या आठवड्यात लिंबाच्या झाडापर्यंत, दुसऱ्या आठवड्यात विहिरीपर्यंत, असं करत तीन महिन्यांनी तलाव. मग तलावाच्या बांधाचा चढ, आधी एकदा, मग दोनदा. मग बरोबर पळत पळत दुडकी चाल. पाठीवर पहिल्यांदा नुसतं गोणपाट. मग रिकामं खोगीर. मग वाळूची पिशवी, आठवड्याला एक शेर वाढवत. सोमवारी सिद्धेश्वराची सुट्टी, मास्तरणीला आणि विद्यार्थ्याला दोघांनाही. एखाद्या दिवशी शिंगरू कंटाळलेलं दिसलं तर पुढचा सगळा आठवडा मागं, पुन्हा विहिरीपर्यंतच.

टांगेवाले हसायचे. "अंबुबाई, तुमचा घोडा शर्यतीला कवा निघणार? आमची पोरं तवर घोड्यावर चढून म्हातारी हुतील की!"

"निगंल. तुमच्या घोड्यागत लंगडत मातूर न्हाय निगायचा."

आणि कोणी खरंच जाणून घ्यायला विचारलं तर ती खाली बसून जमिनीवर तीन रेघा ओढायची. "ह्यो दम. पंधरा-वीस दिसांत येतोय. ह्ये मांस. त्येला दोन-तीन म्हयने. आनी ह्ये हाड. ह्येला वरीस लागतंय. दम आला की शिंगराला वाटतंय, आपुन पळू. मालकाला वाटतंय, ह्यो पळंल. हाडाला मातूर कुणी इचारत न्हाय. आनी मोडतंय त्येच."

आबासाहेबांनी शिंगरू तिच्याकडं दिलं होतं श्रावणात. नाव ठेवलं होतं 'जनरल'. अंबुबाईच्या तोंडात ते बसेना. "दुदाचे दात, आनी जनराल?" म्हणून ती त्याला शिंगरूच म्हणायची, आणि तोही त्यालाच ओ द्यायचा. दिवाळीपर्यंत स्वारी तलावाच्या अलीकडंपर्यंत पोचली होती. त्या दिवशीचं चार-दोनचं भांडण मिटलं नाही, नुसतं थांबलं. आबासाहेबांचे पक्षकार आले म्हणून.

त्याच महिन्यात नगरवाचन मंदिराच्या दिवाणखान्यात सभा भरली. लग्नाच्या वयाचा नवा कायदा झाला होता, आणि चैत्राच्या सुमारास तो लागू व्हायच्या आत पाळण्यातल्या पोरी बोहल्यावर चढवायची गावोगाव धांदल उडाली होती. सुधारकांच्या बाजूनं मुख्य वक्ते आबासाहेब. सभा सुटल्यावर चार प्रतिष्ठित माणसांना आपला घोडा दिसावा, म्हणून त्यांनी अंबुबाईला शिंगरू घेऊन बाहेर उभं राहायला सांगितलं होतं. ती खिडकीखाली उभी. वरून आवाज येत होता.

"सद्गृहस्थहो! कोवळी हाडं, कोवळी मनं! ज्या वयात हुंदडायचं, त्या वयात पाठीवर ओझं! निसर्गानं जे पिकवलं नाही ते आपण तोडतो, आणि मग ते आंबट निघालं म्हणून रडतो! मी विचारतो, ही घाई कशासाठी? कोणाच्या हौसेसाठी?"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. शिंगरानं कान टवकारले. अंबुबाईनं डोळ्यांना पदर लावला. आबासाहेबास्नी पटलं म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उरलेल्या शेवंतीपाशी उभी राहून म्हणाली, "लई ब्येस बोललासा काल. माज्या येडूनं सुदिक इतकं चांगलं सांगितलं नसतं."

आबासाहेब फुलले. "तुला समजलं?"

"शबूद न् शबूद. कवळी हाडं म्हनलासा. पाठीवर वजं म्हनलासा. मग आता ह्येला उन्हाळ्यापतूर तलावाच्या बांधावर चालीवते, फुडल्या पावसाळ्यात रिकामं खोगीर, आनी त्येच्या फुडल्या सालच्या गड्ड्याला—"

"कोणाला?"

"शिंगराला की."

"अगं, ते भाषण मुलींविषयी होतं!"

"आनी ह्येची हाडं काय शिशाची हायती?"

"तो घोडा आहे, अंबू!"

"मग पोरींवर बी अशीच दया हाय का तुमची? भाषनापुरती?"

आत स्वयंपाकघरात मथुराबाई, म्हणजे आबासाहेबांच्या पत्नी, कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचा हसू दाबल्याचा आवाज अंगणापर्यंत आला. तेवढ्यानं शिंगराचं नशीब फिरलं. पक्षकारानं उलटून बोललेलं वकिलाला चालतं, कारण त्याला बिल लावता येतं. बायकोला हसू येईल असं बोललेलं चालत नाही.

"दोरी इकडं आण," आबासाहेब म्हणाले. "उद्यापासून जनरलचं शिक्षण कमलाकर बघेल."

कमलाकर हा पुतण्या. तीन वर्षं पुण्यात वकिलीच्या परीक्षेला बसत होता. त्यांतली अडीच वर्षं त्यानं रेसकोर्सच्या कुंपणाला नाक लावून काढली होती. पेपरात काय येतं ते त्याला कधीच सांगता आलं नाही, पण कोणत्या घोड्याला कोण जॉकी, हे झोपेतसुद्धा सांगायचा. तो तंग विजार घालून, गळ्यात सेकंदकाट्याचं घड्याळ अडकवून हजर झाला.

"काका, सायन्स! त्या बाईचं सगळं अडाणी काम. पुण्याला घोड्याला काय देतात माहीत आहे? अंडी!"

"किती?"

"सहा. कच्ची. वर तूप."

शिंगरू पहिल्या दिवशी अंड्यांपासून तीन पावलं मागं सरलं. चौथ्या दिवशी नाइलाजानं गिळायला लागलं. पहिल्याच आठवड्यात पाठीवर खोगीर, खोगिरावर कमलाकर, खाली होटगीच्या वाटेवरचा दगडासारखा मुरूम, आणि भरधाव. दहा दिवसांत शिंगराची कातडी आरशासारखी चमकायला लागली. विसाव्या दिवशी ते एका दमात सगळा माळ काढून आलं आणि धापसुद्धा टाकेना.

"दम बघा, काका! दम!"

"वा! आणि ती बाई म्हणत होती वर्ष लागतं!"

बाई म्हणत होती तसंच सगळं होत होतं, क्रमानं. हे त्या दोघांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

चौथ्या आठवड्यात शिंगराची ढांग आखूड झाली. कमलाकरनं तिला लगोलग इंग्रजी नाव दिलं, 'शॉर्ट स्टेप'. पाचव्या आठवड्यात पुढच्या दोन्ही पायांच्या नळ्या, गुडघ्याखालच्या, पुढून फुगल्या. याला मात्र चटकन इंग्रजी नाव सुचेना, म्हणून त्या झाकायच्या ठरल्या. मथुराबाईंचं जुनं जांभळं रेशमी लुगडं टराटरा फाडलं गेलं आणि शिंगराच्या पायांना पट्ट्या बांधल्या गेल्या.

"लुगडं गेलं," मथुराबाई दारातून म्हणाल्या. "कुंकवाचा करंडा राहिलाय. तोही देऊ का त्याला?"

"काकूंना कळायचं नाही, काका. पुण्याला सगळे घोडे पट्ट्या बांधतात."

ते गावात पसरायला कितीसा वेळ! आठ दिवसांत स्टेशनवरच्या प्रत्येक टांग्याच्या घोड्याच्या पायांना रंगीत चिंध्या. एका गवळ्यानं म्हशीच्या पायांना हिरव्या बांधल्या आणि दूध महाग केलं. आबासाहेबांनी तर एका शिष्टमंडळाला पट्ट्या बांधायचं शास्त्र तासभर समजावून सांगितलं.

अंबुबाईला शिंगरू दिसलं ते भर रस्त्यात. वर कमलाकर, खाली जांभळं रेशीम. तिनं पट्ट्यांकडं बघितलंच नाही. डोळे मिटून चालीचा आवाज ऐकत उभी राहिली.

"कमळाकरपंत, म्होरचे पाय इस्तवावर ठेवल्यागत ठेवतोय की ह्यो!"

"ती स्टाइल आहे!"

"उतरा खाली. दया करा, उतरा."

"बाजूला हो, अंबुबाई. जनरलची वेळ लावलीय मी." आणि घड्याळाचा खटका दाबून तो गेला. शिंगरानं जाता जाता मान वळवून तिच्याकडं बघितलं. तोंडात लगाम होता, त्यामुळं वळवता आली तेवढीच.

आता एकच अडचण उरली होती. शर्यतीच्या आधी कमिटीच्या मंडपात सगळ्या घोड्यांचे दात बघायचा रिवाज होता, आणि दात बघणार कोण? गेली दहा-बारा वर्षं अंबुबाईच. कमिटीतल्या कोणालाही घोड्याच्या तोंडात हात घालायची हौस नव्हती.

संक्रांतीच्या चार दिवस आधी आबासाहेब स्वतः शुक्रवार पेठेत आले. अख्ख्या बोळानं दारं उघडली. रिकाम्या ओट्यावर रुमाल अंथरून ते बसले.

"अंबुबाई, कमिटीच्या मनात आहे, यंदा तुझा सत्कार करावा."

"कशापायी?"

"अगं, सेवा! शाल, नारळ. आणि पदवी. अश्वपरीक्षक."

"म्हंजी?"

"घोड्यांची परीक्षा घेणारी."

"म्हंजी पास-नापास मीच करायचं?"

"तूच! फक्त… जरा सढळ हातानं. शाळेत इन्स्पेक्टर यायचे असले की मास्तर कसे करतात, तसं."

"त्यो पोरगा नापास झाला तर फुडल्या साली पुन्हा बसतोय, आबासाहेब. ह्यो बसला तर उठायचा न्हाय."

आबासाहेबांनी आवाज उतरवला. "एक शब्द म्हणायचा. ‘चार’. त्यानं तुझी जीभ झिजत नाही."

"दीड मणाचा हाय त्यो शबूद. कमळाकरपंतास्नी ताजव्यात घालून बघा, तितकाच भरंल."

"अंबू, मी तुला शब्दात धरीन हं!"

"मला धरा की. त्येला सोडा."

आबासाहेब उठले. रुमाल विसरले, तो घ्यायला परत आले, आणि परत आल्यावर काही बोलणं भाग आहे असं वाटून म्हणाले, "बघून घेईन." बोळातल्या बायकांनी दारं लावून घेतली ती हसण्यासाठी.

दात बघायचा दिवस उजाडला. माळावर मोठा पांढरा मंडप, आबासाहेबांनीच यंदा कमिटीला दिलेला. मंडपात अध्यक्ष गुरुबसप्पा, तेलाचे व्यापारी, बोलणं कानडी वळणाचं, पोट आणि मन दोन्ही मोठं. फक्त निर्णय घ्यायचा आला की त्यांना ठसका लागायचा. शेजारी चिटणीस गंगाधरपंत, शाळामास्तर, पुढ्यात दौत-टाक. मंडपाच्या दोन्ही बाजूंना माणसं खांद्याला खांदा लावून उभी. आठ घोड्यांचे दात झाले, आठांची नावं वहीत चढली. मग जांभळ्या पट्ट्या आत आल्या.

"हौदु, बाई, बघा," गुरुबसप्पा म्हणाले.

अंबुबाईनं शिंगराच्या ओठाखाली अंगठा घातला. ते तोंड उघडायला जरा जास्तच आतुर होतं. ओळखीचा अंगठा चाटायचा होता त्याला.

"समदे दुदाचे. येक बी पडला न्हाय. नाकंद शिंगरू हाय."

गंगाधरपंतांनी टाक थांबवला. "नाकंद म्हणजे वहीत काय लिहू?"

"लिवा, बिगारी."

मंडप खदखदला. आबासाहेब उभे राहिले, कोटाच्या गुंड्या लावल्या, आणि मंडपाचं कोर्ट करून टाकलं.

"अंबुबाई, तू शाळेत गेली आहेस?"

"न्हाय."

"लिहिता-वाचता येतं?"

"न्हाय."

"घोड्याच्या दातांवर इंग्रजीत मोठमोठे ग्रंथ आहेत. त्यातला एक तरी पाहिला आहेस?"

"घोड्यांनी बी न्हाय बघितला, आबासाहेब. म्हणून त्येंचे दात येळेवर येत्यात."

पुन्हा हशा. पण आबासाहेब जुने वकील. हशा ओसरेपर्यंत थांबले. "अध्यक्षमहाराज, माझा घोडा अंड्यांवर आहे. अंडं मऊ. मऊ अन्नाला दातांचा जोर लागत नाही. जोर नाही म्हणून दुधाचे दात सैल झाले नाहीत. सैल झाले नाहीत म्हणून पडले नाहीत. वय पुढं गेलं, दात मागं राहिले. यात घोड्याचा काय गुन्हा? इंग्रजी शर्यतीच्या कायद्यानं याला चौथं लागलेलं आहे."

गुरुबसप्पांना ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी वर मंडपाच्या कापडाकडं बघितलं. कापड पांढरंशुभ्र होतं, नवं होतं, आणि यात्रा संपेपर्यंत डोक्यावर राहायचं होतं.

"असतील री, असतील उशिरा दात. माझ्या धाकट्याचे बी उशिराच पडले. लिहा पंत."

गंगाधरपंतांनी उच्चार करत लिहिलं, "दात, उशिरा. वय, चार."

कमलाकरनं टोपी उडवली. आबासाहेबांनी गुंड्या सोडल्या.

अंबुबाई मात्र तिथून हललीच नाही. "दातांचं लिवलंसा," ती म्हणाली. "आता पायांचं लिवा." आणि मटकन खाली बसून तिनं जांभळ्या पट्टीची गाठ सोडली.

"ए! ए! ती फॅशन आहे!" कमलाकर धावला.

पट्टी फेरे घेत खाली पडली. मग दुसरी. मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली. पाय पुढून धनुष्यासारखे बाकदार फुगले होते, दोन्ही. कातडी ताणून तकतकीत झाली होती. मागच्या रांगेतल्या एका टांगेवाल्यानं हळूच जाऊन आपल्या घोड्याच्या पायांच्या चिंध्या सोडायला सुरुवात केली.

"ह्ये बघा, आप्पा," अंबुबाई अध्यक्षांना म्हणाली. तिचा आवाज आता भांडणाचा नव्हता. "हाड भराय लागलं हुतं. कच्च्या भितीवर माडी चढीवली ह्येंनी. आजून मोडलं न्हाय, तडकाय लागलंय. सा म्हयने मऊ वाटंवर हळू हळू चालीवलं तर भरून येतंय. परवा पळीवलं, तर मोडल्याला आवाज तुमाला हितं मंडपात ऐकू येईल. म्या ऐकलाय त्यो एकदा."

गुरुबसप्पांनी तांब्याकडं हात नेला, पण यावेळी ठसकाही येईना. ते गंगाधरपंतांकडं बघू लागले, गंगाधरपंत वहीकडं. शेवटी ते म्हणाले, "कमिटी काय वैद्य नव्हे. घोडा मालकाचा. मालकानं सांगावं. आबासाहेब, सगळ्यांच्या समोर म्हणा, घोडा पळायला धड आहे. पंत नाव चढवतील, आम्ही काय बोलणार नाही. म्हणाला नाहीत, तर नाव नाही."

"अर्थात," आबासाहेब म्हणाले, "घोडा अगदी—"

"तसं नगं." अंबुबाई खालूनच म्हणाली. "हात लावून सांगा."

"हात कशाला लावायचा?"

"मालक हायसा न्हवं? लावा की."

आबासाहेब हसले. मंडपात दुसरं कोणी हसलं नाही, म्हणून त्यांनी हसू आवरतं घेतलं आणि वाकले. दोन वर्षांत त्यांनी या शिंगराचं नाव ठेवलं होतं, वय ठरवलं होतं, त्याच्या दातांवर भाषण ठोकलं होतं. त्याच्या पायाला कधी हात लावला नव्हता. कुठं लावायचा तेही कळेना. अंबुबाईनं त्यांचं मनगट धरलं आणि हाताचा तळवा नळीवर ठेवला.

तळवा एकदम मागं आला. तिनं तो पुन्हा ठेवला.

शिंगरानं लाथ मारली नाही. अंगावरची कातडी नुसती थरथरली. मग त्यानं तो पाय हळूच उचलून घेतला, आणि खाली कुठं टेकावा ते न समजल्यासारखा अधांतरी धरून ते उभं राहिलं.

"गार हाय का गरम, आबासाहेब?"

आबासाहेबांनी मान वर करून कमलाकरकडं बघितलं.

"काका, सांगा ना, किरकोळ आहे," कमलाकर पुटपुटला.

गंगाधरपंतांनी टाक दौतीत बुडवून वर धरला होता. "काय लिहू, आबासाहेब? धड आहे?"

"सांगा की," अंबुबाई म्हणाली. "तुमी सांगाल त्येच लिवणार हायती. पळंल का?"

आबासाहेब उभे राहिले. त्यांनी हात कोटाला पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. मग खुर्चीला टेकवलेली छत्री उचलली, आणि शिंगराची दोरी कोणाच्या हातात आहे हेही न बघता, गर्दीतून वाट काढत, स्वतःच दिलेल्या मंडपातून बाहेर निघून गेले.